पुन्हा वाकवलेली तार

चष्म्याच्या दुकानात ज्यांचं आयुष्य गेलं त्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत, आणि म्हणून त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई. खरं म्हणजे दोघांपैकी एकानंही कधी कुणाला धडा शिकवला नव्हता. मास्तर दुकानाच्या मागच्या टेबलाशी बसून फ्रेम दुरुस्त करायचे, काचा बसवायचे आणि गिऱ्हाइकाच्या कानामागे बोटं फिरवून चष्म्याची काडी नेमकी वाकवून द्यायचे. "जन्मभर काड्या केल्या, पण भांडण म्हणून एक लागलं नाही," असं ते ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला सांगत. मास्तरीणबाईंनी हा विनोद इतक्या वेळा ऐकला होता की आता तो त्यांच्या कानांवरून नुसता वाहून जायचा.

मास्तरांचे हात थरथरायला लागले तेव्हा सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. बशीत कप वाजायचा. मास्तर म्हणायचे, झोप नीट झाली नाही. मग उजव्या हाताचा अंगठा बसल्या जागी आपोआप हलायला लागला, जणू काही अदृश्य नोटा मोजतोय. दुकानात बारीक स्क्रू हातातून निसटून जमिनीवर जायचे आणि गुडघ्यावर बसून ते शोधण्यात मास्तरांची सकाळ जायची. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे धरायला लावले, खोलीत चार पावलं चालायला लावलं आणि सांगितलं की हे मुळापासून बरं होणारं दुखणं नाही, गोळ्यांनी थोपवता येईल तेवढं थोपवू. दुकानाचे मालक भले होते. त्यांनी "उद्यापासून येऊ नका" असं म्हटलं नाही, "आता आराम करा" म्हटलं. अर्थ एकच. मास्तरांनी आपल्या पकडी, कानशी, एवढीशी हातोडी असं सगळं फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून घरी आणलं आणि कपाटावर टाकून दिलं.

कपाटावरून ते गाठोडं खाली काढलं मास्तरीणबाईंनी, आणि त्याला कारण झाली लेक.

लेकीचं घरातलं नाव बाळी. ती दूरच्या शहरात नोकरी करायची. तिचे कान लहानपणापासून नाजूक. बाजारातलं कुठलंही कानातलं घातलं की पाळी लाल व्हायची, खाजायची, मग सुजून त्यातून पाणी यायचं. एकदा तिनं सुट्टीला येताना एक आवडती जोडी आणली आणि आईला म्हणाली, "आई, याचे नुसते हूक बदलून मिळतात का बघ ना. लोलक इतके सुंदर आहेत, टाकवत नाहीत." मास्तरीणबाई ती जोडी घेऊन बाजारातल्या मणीवालीकडे गेल्या. मणी, दोरे, कानातल्यांचं सामान विकणारी ही बाई तोंडाची सैल पण मनाची साफ. तिनं सांगितलं, "ताई, तयार हूक सगळे एकाच माळेचे मणी. कशात काय मिसळलेलं असतं देव जाणे. कानाला न बाधणारी तार मी देते, हूक घरी करा. घरात पक्कड आहे ना?"

पकडींना घरात काय तोटा!

पहिल्या दिवशी मास्तरीणबाई जेवणाच्या टेबलावर तार पसरून बसल्या. करंगळीएवढा तुकडा कापायचा, गोल तोंडाच्या पकडीत एक टोक धरून बारीकशी कडी करायची, म्हणजे तिथं लोलक अडकतो. मग उरलेली तार जाड पेनावरून वळवायची, शेपूट जरा बाहेर फाकवायची, टोक कानशीनं घासून मऊ करायचं. सांगायला एवढं सोपं. प्रत्यक्षात जे तयार झालं ते बघून खुर्चीत बसलेले मास्तर कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

"अगं, हे बाळीच्या कानात घालायचे की मासे धरायचे?"

"तुम्ही हसा. बसल्या जागी हसायला काय जातंय?"

"तार ओढू नकोस. पक्कड फिरव, तार आपोआप येते मागं. आणि एकेक करू नकोस. दोन्ही तुकडे एकाला एक चिकटवून धर आणि एकदमच वाकव. तरच जोडी जुळते. लग्नासारखं आहे ते, वेगवेगळे वाकवले की आयुष्यभर जुळत नाहीत."

"आपल्याला कुणी वाकवलं होतं एकदम?"

"माझ्या आईनं," मास्तर म्हणाले. आणि दोघंही हसले, कारण सासूबाई होत्याच तशा.

हळूहळू मास्तरीणबाईंचा हात बसला. वळवलेल्या बाकावर हातोडीचे दोन हलके ठोके दिले की तार ताठ होते आणि ओढ लागली तरी उघडत नाही, हेही मास्तरांनीच सांगितलं. टोक आधी गालावर फिरवून बघायचं, गालाला टोचलं तर कानाला टोचणारच, हे मास्तरीणबाईंनी स्वतःच शोधून काढलं. बाळीचे कान बरे झाले. तिच्या कचेरीतल्या बायकांनी विचारलं, मग मणीवालीनं विचारलं, आणि बघता बघता जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तारांनी, पकडींनी आणि एका स्टीलच्या ताटलीनं कायमचा अडवला. तयार हूक ताटलीत पडायचे.

मग एका सकाळी मास्तर खुर्ची ओढून समोर येऊन बसले.

"मलाही दे एक तुकडा."

गोळी घेतल्यावर तासाभरानं त्यांचा हात जरा शांत व्हायचा. तेवढ्या वेळात त्यांनी एक जोडी केली. मास्तरीणबाईंनी ती उजेडात धरली आणि त्यांना आपल्या हुकांची लाज वाटली. मास्तरांच्या जोडीत एक प्रकारचा डौल होता. बाक असा, की बघणाऱ्याला वाटावं, तार जन्मतःच तशी वाढली असेल. त्या दिवशी मास्तरांनी दाढी केली, ठेवणीतला शर्ट घातला आणि उगाचच बाहेर एक चक्कर मारून आले.

महिना दोन महिने बरे गेले. पुढे तो शांत तास आखडत गेला. आधी मास्तरांच्या जोडीतला एक हूक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा व्हायला लागला. मग कडी नीट मिटेना. पकडीचे दात लागून तारेवर ओरखडे पडायला लागले. मास्तर दिसायला मन लावून काम करायचे, जीभ दातात धरून, आणि झालेला हूक ताटलीत टाकताना "हं" असा समाधानाचा हुंकार द्यायचे. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांच्या डोळ्यांना मदत केली त्या माणसाला स्वतःच्या हातचं वाकडं दिसत नव्हतं, की बघायचं नव्हतं, हे मास्तरीणबाईंना कधीच कळलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी एकच हूक दुरुस्त केला. मास्तर दुपारी झोपले होते. मास्तरीणबाईंनी ताटलीतून तो उचलला, पकडीनं सरळ केला, पुन्हा वाकवला आणि परत जागेवर ठेवला. त्यात काय मोठंसं, असं त्यांना वाटलं. आपण नाही का, नवऱ्यानं वेडीवाकडी घातलेली चादर मागाहून नीट करत? दुसऱ्या दिवशी दोन केले. मग तो रोजचाच उद्योग झाला. सकाळी मास्तर करायचे, दुपारी त्या मोडायच्या आणि परत करायच्या. एकदा वाकलेली तार पुन्हा सरळ केली तरी तिच्यात कुठंतरी जुनी वळणं राहतातच. काही तारा दुसऱ्यांदा वाकवताना टचकन तुटायच्या. तुटलेल्या आणि ओरखडलेल्या तारा त्या कागदात गुंडाळून कचऱ्यात अगदी तळाशी घालायच्या आणि त्यांच्या जागी नव्या तारेचे हूक करून ठेवायच्या.

"मणीवाली म्हणाली, हूक कसे एकसारखे आहेत," त्या बाजारातून आल्यावर सांगायच्या. मणीवाली खरंच तसं म्हणायची. मास्तरीणबाईंच्या बोलण्यात खोटं असं एकही वाक्य नव्हतं.

मास्तर ताठ बसायचे. बाळीचा फोन आला की म्हणायचे, "कड्या आता तुझी आई करते गं, पण बाक माझा. बाक आला पाहिजे. कडी काय, कुणीही करतं." मास्तरीणबाई पलीकडे भाजी चिरत असायच्या. सुरीचा आवाज जरा वाढायचा, इतकंच. आपणच रचलेलं नाटक आणि आपल्यालाच त्यात हलकं काम, याचा राग कुणावर काढणार?

मधे डॉक्टरांकडे जाणं झालं. डॉक्टरांनी विचारलं, "रोजची कामं जमतात? शर्टाची बटणं, लिहिणं, बारीक काही?"

"बारीक?" मास्तर म्हणाले. "अहो, मी अजून तारकाम करतो. हिला विचारा. बाजारात माल जातो आमचा."

डॉक्टरांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. हो अशी हलवली, की नुसतीच हलली, कुणास ठाऊक. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "मग एवढ्यात गोळी वाढवायला नको. छान चाललंय." बाहेर येताना मास्तर जिना एकट्यानं उतरले, आणि मास्तरीणबाई त्यांच्या मागून एक एक पायरी उतरताना मनात म्हणत होत्या की पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला नक्की सांगू.

तशी वेळ यायच्या आधी मणीवाली घरी आली.

ती कधी घरी येत नसे, माल घेऊन मास्तरीणबाईच जायच्या. पण त्या दिवशी तिच्याकडे एक मोठं काम आलं होतं आणि ती याच बाजूला कुणाला तरी भेटायला आली होती. सकाळची वेळ. मास्तरीणबाई मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होत्या. दार मास्तरांनी उघडलं. हात पुसत त्या बाहेर आल्या तेव्हा मणीवाली टेबलाशी बसलेली होती आणि मास्तर समोर, आपल्या नेहमीच्या खुर्चीत. मधे ताटली. ताटलीत मास्तरांची सकाळची कमाई.

"या ताई, या," मणीवाली म्हणाली, जणू घर तिचंच होतं. "आत्ता मास्तरांना तेच सांगत होते. इतकी वर्षं धंदा करतेय, पण तुमच्यासारखा हात बघितला नाही. डोळे मिटून दोन हूक उचलावेत आणि जोडी जुळावी! पोरी मला विचारतात, हे मशीनवर करता का? म्हटलं, मशीन कसली, आमची मास्तरीणबाई आहे."

मास्तरीणबाईंना हसू आलं. ते आवरायच्या आत आलं. कुणीतरी त्यांच्या कामाला त्यांचं म्हटलं होतं, आणि चेहरा आपला आपण उजळून गेला. पुढच्याच क्षणी तो उतरला, कारण मणीवालीचा हात बोलता बोलता ताटलीत गेला होता.

तिनं एक हूक उचलला. उलटासुलटा केला. मग दुसरा.

"अगंबाई, हे कुणी केले? शिकायला येतं का कुणी तुमच्याकडे?" तिनं हूक परत टाकला. "नाही, शिकवा हो, पण चुकूनसुद्धा माझ्या पुडीत जाऊ देऊ नका हं. टोक बघा कसं आहे. एखादीचा कान फाटायचा."

मास्तरीणबाईंना बोलायचं होतं. माझेच आहेत, डोळ्यांत काही गेलं होतं, काल पक्कड बिघडली होती, असं तोंडाशी आलेलं सगळं एकमेकांत अडकून पडलं.

"ते भंगारातले आहेत," मास्तर म्हणाले. आवाज अगदी नेहमीसारखा. "टाकायचे राहिलेत."

ते उठले, ताटली उचलली आणि आत निघाले. हातातल्या ताटलीत हूक खुळखुळायला लागले. खोली ओलांडेपर्यंत तो आवाज येत राहिला. मणीवालीनं त्या हाताकडे पाहिलं, मग मास्तरीणबाईंकडे, आणि तोंडावर पदर धरला.

"मेलं माझं तोंड," ती हळूच म्हणाली. "ताई, मला काय ठाऊक हो!"

"तुम्हाला कसं ठाऊक असणार," मास्तरीणबाई म्हणाल्या. चहाचं विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि मणीवालीही थांबली नाही.

मास्तर पलंगाच्या कडेला बसले होते. ताटली मांडीवर. एक हूक त्यांनी डोळ्यांजवळ धरायचा प्रयत्न चालवला होता, पण हूक एका जागी राहत नव्हता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"वेड पांघरू नकोस."

मास्तरीणबाई दारातच उभ्या राहिल्या. "पहिले चांगले होते तुमचे. शपथेवर सांगते. ते होते तसेच दिले."

"आणि मग?"

"मग दुपारी. तुम्ही झोपलात की."

"सगळे?"

"सगळे."

मास्तरांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले. त्यातलं डोलावणं किती आणि दुखण्याचं हलणं किती, ते सांगणं कठीण होतं.

"मी डॉक्टरांना सांगून आलो," ते म्हणाले. "छाती पुढे काढून सांगितलं. आणि तू शेजारी बसली होतीस."

"तुमचं मन मोडवेना हो मला."

"मन!" मास्तर म्हणाले. "मला वाटत होतं, हात गेला, पण काम नाही गेलं. रोज सकाळी उठून तेवढंच वाटायचं." मग त्यांनी वर पाहिलं. "एक विचारू? ती तुझं कौतुक करत होती तेव्हा तुला बरं वाटलं ना? मी बघत होतो तुझ्याकडे."

इतक्या वर्षांच्या संसारात मास्तरीणबाईंना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं. पण मास्तर बघत होते.

"हो. वाटलं."

"वाटणारच. हात तुझाच आहे." त्यांनी ताटली बाजूला ठेवली. "पण हे मला त्या बाईकडून कळायला नको होतं. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. तू टोचायचेस."

त्यानंतर मास्तर टेबलाशी बसायचे बंद झाले. ते खुर्ची घेऊन पलीकडे भिंतीशी बसायचे आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचे. बोलणं चालणं होतं, पण पाहुण्यासारखं. जेवण झालं का, पाणी देऊ का, गोळी घेतलीत का. डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी स्वतःच खरं ते सांगितलं. गोळी वाढली. सकाळ थोडी सुसह्य झाली. मास्तरीणबाईंना आशा वाटली. तारेचे दोन तुकडे कापून त्या मास्तरांजवळ गेल्या.

"आता जरा बरा दिसतोय हात. बसता का?"

मास्तरांनी तारेकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"खरं सांग. जमेल?"

मास्तरीणबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मांडीखालून काढलेला तो हात गुडघ्यावर हलत होता, पूर्वीपेक्षा कमी, पण हलत होता. 'बघा तरी करून' असं म्हणता आलं असतं. जगातल्या सगळ्या बायकांनी तेच म्हटलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "जमणार नाही."

मास्तरांनी डोळे मिटले आणि उघडले. "ठीक. यापुढे असंच. जे जाईल ते तोंडावर सांगायचं. तूच."

आणि मास्तरीणबाईंनी ते सांगितलं. कुणाला वाटेल, एवढ्यातच त्या दोघांचं पुन्हा जुळलं असेल. तसं काही झालं नाही. फक्त घरात एक नवं काम वाढलं, आणि ते मास्तरीणबाईंच्या वाट्याला आलं. दाढी करताना मास्तरांच्या कानाखाली खोल कापलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, "दाढी आता मी करीन." बटणांचं सांगितलं. भरलेल्या कपाचं सांगितलं. कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणायला गेलेले मास्तर एकदा रस्त्याच्या मधोमध थांबले, पाय जमिनीला खिळल्यासारखे, आणि गाड्या भोंगे वाजवत त्यांना वळसा घालून जात राहिल्या. शेजारच्या शिंप्यानं धावत जाऊन त्यांना धरून आणलं. त्या दिवशी, "एकट्यानं बाहेर जायचं नाही आता," हेही सांगितलं. प्रत्येक वाक्य त्या आधी स्वयंपाकघरात उभ्या राहून मनाशी घोकायच्या. शाळेत कविता पाठ करणारी पोरं घोकतात तशा. मास्तर प्रत्येक वेळी विचारायचे, "नक्की?" त्या म्हणायच्या, "नक्की." एकदाही मास्तरांनी वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरीणबाईंना वाटायचं. निदान भांडायला तरी मिळालं असतं.

हुकांचं काम चालूच होतं. चालू ठेवणं भाग होतं, आणि दुसरं म्हणजे त्या कामात असताना मान वर करावी लागायची नाही. एके दिवशी भिंतीकडून आवाज आला.

"बाक उघडा राहतोय तुझा. निसटेल कानातून."

मास्तरीणबाईंना झोंबलं. "हो का?" म्हणत त्यांनी तो हूक स्वतःच्या कानात अडकवला आणि जोरात मान हलवली. हूक टुणकन फरशीवर पडला. मास्तर हसले नाहीत. मास्तरीणबाईंनी तो उचलला, बाक थोडा मिटवला, पुन्हा घातला. राहिला.

तेव्हापासून संध्याकाळी त्या ताटली मास्तरांपुढे धरायच्या. नजर अजून शाबूत होती. न जुळणारी जोडी ते बरोबर हेरायचे आणि बोट दाखवायचे. पण बोटच असं थरथरायचं की ते नेमकं कुणावर आहे ते कळायचं नाही.

"हा?"

"नाही. शेजारचा."

"हा का?"

"त्याच्या शेजारचा. अगं, तो नाही. तू मुद्दाम करतेस का?"

"तुमचं बोट चार हुकांवर फिरतंय, मी कुठला धरू? लकी ड्रॉ काढल्यासारखं करताय नुसतं."

त्या वेळी मात्र मास्तरांच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. मास्तरीणबाईही हसल्या, आणि मग उठून उगाचच स्वयंपाकघरात गेल्या.

वर्ष उलटलं असेल. मास्तरांचा चेहरा हळूहळू स्थिर होत गेला. हात हलायचा तितका हलायचाच, पण चेहऱ्यावरचं हलणं थांबलं. राग, हसू, काहीच उमटेना. आवाज खाली गेला. शब्द एकमेकांना चिकटून यायला लागले, ओली पानं चिकटून यावीत तसे. मास्तरीणबाई जवळ सरकून ऐकायच्या, अर्धं समजायच्या, अर्ध्याचा अंदाज बांधायच्या. पाणी हवं असणार. पाठ टेकायची असणार. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा. नसला निघाला तरी मास्तर जे मिळेल ते घ्यायचे.

बाळी दर रविवारी फोन करायची. फोन टेबलावर ठेवून मास्तरीणबाई त्याचा आवाज मोठा करायच्या. एका रविवारी मास्तरांनी तिला काहीतरी लांबलचक सांगितलं. मधे दोनदा थांबून श्वास घेतला.

"बाबा, नीट ऐकू येत नाहीये," बाळी म्हणाली. "इकडे रेंज नाहीये चांगली."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं.

"हो, हो बाबा," बाळी घाईघाईनं म्हणाली. "बरोबर आहे. काळजी घ्या हं. आईला द्या."

आई शेजारीच होती. बाळीचा आवाज खणखणीत येत होता, रेंजला काही झालेलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी दोन वाक्यं बोलून फोन ठेवला आणि पुढ्यातली अर्धवट तार हातात घेतली. मास्तर त्यांच्याकडे बघत होते, हे मान वर न करताही त्यांना कळत होतं.

मास्तरांनी टेबलावरच्या फोनकडे हात केला. मग स्वतःच्या तोंडाकडे. आणि एक शब्द म्हणाले, तो स्पष्ट कळला.

"कोण?"

फोन बिघडलाय की मी?

हे वाक्य मास्तरीणबाईंनी घोकलेलं नव्हतं. खरं तर गेले कित्येक दिवस त्या ते टाळत होत्या. पाणी आणून देत होत्या, पाठ टेकवत होत्या, हो हो म्हणत होत्या, अगदी बाळीसारखं. त्यांनी पक्कड खाली ठेवली. खुर्ची सरकवून मास्तरांच्या समोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"फोन चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलणं कळत नाही. बाळीला काहीच कळलं नाही. मला अर्धं कळतं. उरलेलं मी अंदाजानं धरते, आणि तुम्हाला वाटतं कळलं."

मास्तरांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. उमटणार नव्हतंच. "नक्की?" असं त्यांनी विचारलं असावं. ओठ तसे हलले.

"नक्की."

थरथरणारा हात गुडघ्यावरून उठला आणि मास्तरीणबाईंच्या मनगटावर येऊन पडला. धरायला आला की नुसता घसरला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आपला हात तसाच राहू दिला. मास्तरांचा कंप त्यांच्या हाडात उतरत होता. बाहेर कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाका मारत होतं.

मग मास्तर काहीतरी म्हणाले.

"नाही कळलं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

श्वास घेऊन मास्तर पुन्हा म्हणाले, हळू, एकेक अक्षर वेगळं काढत.

"अजून नाही कळलं. परत सांगा. मी थांबते."

तिसऱ्या वेळी त्यांना कळलं. मास्तर म्हणत होते, "पंखा बंद कर. थंडी वाजतेय."

त्या उठल्या आणि पंखा बंद केला.